कांती, आपला तो टपरीवरचा नवस

कांती, तुझ्या उठावण्याच्या शोकसभेत मी बोललो नाही. माईक माझ्यापर्यंत आला होता. तुझ्या धाकट्या भावानं तो हातात देताना कानाशी येऊन सांगितलं, "दत्ताभाऊ, दोन शब्द बोला. फक्त हसवू नका." मला दोन शब्दांत कधी काही सांगता आलेलं नाही, आणि कोणाला हसवल्याशिवाय तर मुळीच नाही. मी हात जोडले आणि खाली बसलो. आयुष्यात पहिल्यांदा समोर आलेला माईक परत केला. तू तिथं असतास तर वाकून विचारलं असतंस, "काय रे, तब्येत बराबर हाय न तुझी?"

बाकीचे चांगलं बोलले. कापडाचे व्यापारी, मनमिळाऊ, धर्मशील, राजूरची शान. सगळं खरं असेल. पण ऐकता ऐकता मला वाटायला लागलं की मी चुकून दुसऱ्याच कोणाच्या उठावण्याला येऊन बसलोय. सायकल चालवताना नाकातून गाणं म्हणणारा, ओल्या डांबरावर गांडूळ दिसलं की "थांब थांब" म्हणून ओरडणारा, युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन गल्ल्यावरच्या रुबाबात पायडल मारणारा माणूस त्यांच्या भाषणात कुठंच नव्हता. तो माझ्याकडंच राहिलाय. त्याचं काय करायचं ते तू सांगून गेला नाहीस.

आज सकाळपासून बाहेर झिमझिम चालू आहे. मार्गशीर्षात पाऊस. त्या हिवाळ्यासारखाच.

तो हिवाळा गावातल्या कोणाच्याच कामाचा नव्हता. दिवाळी झाली तरी आभाळ हलेना. कापूस बोंडातच काळा पडला, तुरीचा फुलोरा गळाला, आणि विहिरी अशा तुडुंब भरल्या की मोटार चालवायची कोणाला गरजच पडेना. मोटारी चालल्या नाहीत म्हणजे जळणार नाहीत, आणि जळल्या नाहीत तर माझ्याकडं तार भरायला येणार नाहीत. दुकानात तांब्याच्या तारेचं बंडल मांडीवर घेऊन मी नुसता बसायचो. घरी जावं तर घर रिकामं. शोभा माहेरी निघून गेली होती.

निघून गेली म्हणजे तिला मी घालवली. जीभ माझी. भाऊबीजेला तिचा भाऊ तिला न्यायला पिंपळगाव रेणुकाईहून आला होता. जेवणं झाली, शेजारचे चार जण ओट्यावर बसले, आणि मला चेव चढला. मी सासऱ्यांची नक्कल केली. मामा बैलबाजारात सौदा कसा करतात, आधी खोकतात, मग धोतराचा सोगा झटकतात, मग बैलाच्या दातांऐवजी मालकाचेच दात बघत बसतात. मेहुणा तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. मला वाटलं, मैफल जमली. आत भांडी आपटल्याचा आवाज आला तो मी टाळी समजलो.

दुसऱ्या दिवशी ती भावाबरोबर गेली. तुळशीचं लग्न झालं तरी आली नाही. निरोप मात्र आला. वडिलांना ती दादा म्हणायची. "आणायला या. दादांच्या समोर बसा आणि मंग न्या."

मी म्हणालो, ती आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईल. मी जाणार नाही. हे मी चारचौघांत म्हणालो, म्हणजे झालं. माझं बोलणं मागं घ्यायची सोय माझ्याकडं कधीच नव्हती.

आणि मग तू दारात. पहाटे, अंधारात, सायकलची घंटी वाजवत. तुला नुकतीच शुगर निघाली होती आणि डॉक्टरनं रोज फिरायला सांगितलं होतं. पायी जाशील तर पेठेतला प्रत्येक दुकानदार थांबवून बोलत बसेल, म्हणून सायकल. आणि एकट्याला भीती वाटते म्हणून मी.

"कशाची भीती?" मी पांघरुणातूनच विचारलं.

"कुत्र्याची."

"मी काय कुत्र्याच्या ओळखीचा हाय का? ते मला बी चावंल."

"चावू दे न. दोघात वाटून जाईल." आणि पुन्हा घंटी. शेजारची म्हातारी उठून शिव्या द्यायला लागली तेव्हा मी चप्पल शोधली.

कांती, त्या फेऱ्यांचं सुख मी कधी कोणाला नीट सांगू शकलो नाही. लोकांना मी पडलो-झडलो तेवढंच सांगितलं, कारण तेवढंच सांगता येतं. भोकरदनच्या रस्त्याला लागलं की मागं टेकडीवरच्या गणपतीच्या देवळाचा दिवा धुक्यात विरघळून जायचा. तोंडावर बारीक पाऊस, इतका बारीक की पडतोय का नुसता लटकलाय ते कळायचं नाही. बोटं हँडलवर आखडून जायची. ओल्या मातीचा, कुजक्या पऱ्हाटीचा वास. आणि चढ संपून उतार लागला की तू पाय दोन्हीकडं पसरून, पोत्याची टोकं पंखासारखी उडवत, "हाऽऽ" करत सुटायचास. दोन मुलींचा बाप, पेठेतला शेठ. मी मागून ओरडायचो, "अरे ब्रेक ओले हायत!" आणि लगेच मीही पाय पसरायचो. घरी मी काय गमावून बसलोय ते त्या उतारापुरतं तरी आठवायचं नाही.

फक्त तुझी गांडुळं. पावसानं ती सगळी डांबरावर येऊन पडलेली असायची आणि तू त्यांना चुकवत रस्त्यावर वेलांट्या काढत चालायचास. मी म्हणालो, "एवढं जिवाचं पाप वाटतं तर घरी बस."

"घरी बसलो तर शुगर मला मारंल. मी बी जीवच हाय न?"

"मंग पायी चाल."

"पाय केवढा रुंद हाय बघ. चाक बोटभर. हिशोब तर कर, येड्या."

ते भांडणही राहिलंच.

फाट्यावर गयामावशीची टपरी होती. आपण तिथं थांबायचो, आणि थांबल्यावर निघता यायचं नाही. सूर्य उगवल्यावर थोडा वेळ जाईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही हा तुझा जैनाचा नेम, आणि त्या हिवाळ्यात सूर्य दिसेल तर शपथ. तू बाकावर घड्याळ बघत बसायचास, मी दोन-दोन गिलास चहा प्यायचो, आणि समोर रिकामपणी बसलेली दोन माणसं बघून मावशीला चौकशा सुचायच्या.

"कामून रं भिजता रोज?" ती एक दिवस म्हणाली. "ना कुठं जाता, ना कुठून येता. डोकं फिरलं का दोघांचं?"

शुगर म्हणालो असतो तर विषय संपला असता. पण शुगर तुझी होती, माझी नव्हती. आणि माझं जे होतं ते मला बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "नवस हाय, मावशी."

मावशीचा चहा ओतणारा हात तिथंच थांबला. "कोन्या देवाचा?"

"गणपतीचा."

"अन् कशापायी?"

"नवस कुठं सांगायचा असतो का?"

तिनं पदर सावरला आणि आपल्याला नाही, आपल्या सायकलींना हात जोडले. तू घड्याळातून डोकं वर काढलंस. तुझा तो चेहरा मला मरेपर्यंत पुरेल.

बाहेर आल्यावर तू धुमसत होतास. "काय बोलून राह्यला तू? देवाच्या नावानं झूठ?"

"तुझा देव थोडाच हाय तो? तुला काय त्रास?"

"देव कोणाचा का असंना, बाई तर खरी हाय न? हात जोडले तिनं!" थोडं पुढं गेल्यावर तू सायकल आडवी घालून मला थांबवलंस. "आता ऐक. बोलला न? मंग आता खाडा न्हाई. पाऊस असू दे, गारा पडू दे. आता सोडलं तर लोक म्हणतील, नवस मोडला. बिलकुल न्हाई सोडायचं."

"कव्हापर्यंत?"

"तू बोलला तुला माहीत."

दुपारपर्यंत सगळ्या राजूरला कळलं. आणि गावानं, कांती, नवस कशाचा ते मला न विचारताच ठरवून टाकलं. बायको माहेरी जाऊन बसलीय, हा रोज पहाटे भिजतोय, मग आणखी काय असणार? जो मी चारचौघांत म्हणालो होतो की जाणार नाही, त्याच माझ्याकडं बायाबापड्या कौतुकानं बघायला लागल्या. सलूनमध्ये मला आधी बसवलं गेलं. खरं सांगायला गेलो असतो तर खोटारडा ठरलो असतो, आणि गप्प बसलो तर बायकोसाठी झुरणारा. मी गप्प बसलो. दोन्हींतलं एक खरंच होतं.

मग ती चतुर्थी आली. पहाटेपासून रस्ताभर राजूरच्या गणपतीला पायी येणारी माणसं, ओल्या चादरी पांघरलेली, पोरं खांद्यावर. आपण त्यांच्या उलट्या दिशेनं. बातमी आपल्या आधी पोहोचली होती. "हेच ते, हेच ते सायकलवाले." एका बाईनं साबुदाण्याची खिचडी दिली. तीत बटाटा. तू दोन्ही हातांनी घेतलीस, कपाळाला लावलीस आणि तिची पाठ वळताच माझ्या हातात घातलीस. "घे, तुझ्यासाठी त्याग करून राह्यलो."

एवढा मान मिळाल्यावर माझ्यासारख्यानं साधी सायकल चालवायची तरी कशी? मी दोन्ही हात सोडले आणि जोडले. सायकल चालू, हात जोडलेले, डोळे मिटलेले. डोळे उघडले तेव्हा मी चारीतून गडगडत कुणाच्या तरी कापसात शिरत होतो, खोळ उलटून तोंडावर आलेली, सगळं अंग चिखल. आणि वर रस्त्यावर कोणीतरी ओरडलं, "लोटांगण घालून राह्यलेत! बोला मोरया!" शेपन्नास माणसांनी मोरया म्हटलं. एका म्हाताऱ्यानं खाली उतरून माझ्या पायाची माती कपाळाला लावली.

मी वर बघितलं तर तू रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून तोंडात रुमाल कोंबत होतास. खांदे हलत होते. लोकांना वाटलं, मित्र रडतोय. आणि मग मलाही फुटलं. त्या कापसात पडल्या पडल्या मी हसलो, शोभा गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता त्याचं दुसरंच काही झालं. तू खाली आलास, माझ्या डोळ्यांवरचा चिखल पुसलास आणि काही विचारलं नाहीस. एवढंच म्हणालास, "चल, थंडी वाजंल." त्या दिवशी तू मला काही विचारलं असतंस तर मी परत कधी तुझ्याबरोबर आलो नसतो. हे तुला कसं कळत होतं?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शोभा आली. आपण फेरी संपवून स्टँडवरून येत होतो आणि भोकरदनच्या गाडीतून ती उतरली. हातात पिशवी, मागं भाऊ. मी खोळीत, नाकातून पाणी गळतंय, तोंडातून एक शब्द फुटेना. मी, ज्याला माईक पुरत नाही! तिनं एकवार खालीवर बघितलं आणि म्हणाली, "आधी डोकं पुसा." पिशवीतून टॉवेल काढून दिला. तेवढंच. तू तोवर सायकल वळवून गायब झाला होतास.

मला वाटलं, चतुर्थीला आलेल्या कोणीतरी पिंपळगावला माझ्या लोटांगणाची गोष्ट नेली आणि बायको विरघळली. माझी थाप मला फळली. मी तुझ्यापुढं फुशारक्या मारल्या. आणि तेव्हापासून तू एक पालुपद धरलंस. "नवस फेड."

"खोटा नवस काय फेडायचा?"

"काम तर खरं झालं न?"

"मी काही मागितलंच नव्हतं देवाला!"

"मंग तुला फुकट भेटलं. फुकट घेतोस, लाज न्हाई वाटत?"

हे आपण किती हिवाळे चालवलं, कांती. शुगर होतीच, सायकली होत्याच. दर हिवाळ्यात, कोरड्या, ओल्या, तुझ्या मुलींची लग्नं झाली, माझा पोरगा पुण्याला गेला, गयामावशीची टपरी जाऊन तिथं ढाबा आला, तरी फाट्यापाशी पोचलो की तू म्हणणार, नवस फेड, आणि मी म्हणणार, फेडत नाही जा. कंटाळा कसा आला नाही? जालन्याच्या दवाखान्यात तू नाकात नळी घालून पडला होतास तेव्हाही मी आत आलो तशी तू बोटानं जवळ बोलावलंस. मला वाटलं, काहीतरी शेवटचं सांगतोस. कान खाली नेला. तू म्हणालास, "फेडला का?"

मी म्हणालो, "तू घरी ये, मंग बघू."

तू आला नाहीस. कार्तिकातच गेलास.

उठावण्याहून आम्ही दोघं चालत घरी आलो. मी माईक परत केला म्हणून शोभा रस्ताभर दोन पावलं पुढं चालत होती. घरी आल्यावर चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, "एवढं हसवता लोकाला, आज त्यांच्यासाठी बोलायचं व्हतं. मी बोलले असते. कांतीभाऊ पिंपळगावला आल्ते तेच सांगितलं असतं."

"कव्हा?"

"तुम्ही सायकलवर भिजत व्हते तव्हा."

कांती, तू एसटीनं गेलास. दुकान बंद ठेवून, त्या पावसात. तुझ्या बुटांतून पाणी गळत होतं म्हणून तू आधी ओट्याच्या खालीच उभा राहिलास, आत गेला नाहीस. तिथं नवसाची बातमी पोचलेलीच होती, सासूबाई अर्ध्या विरघळलेल्याही होत्या. आणि तू काय केलंस? तू सांगून टाकलंस! शोभानं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तुझ्या आवाजात. मला माहीतच नव्हतं की तिला नकला येतात. "भाभी, नवस-बिवस झूठ हाय. दत्त्यानं टपरीवर मारलेली थाप हाय ती. त्याच्यावर येऊ नका. पण तो रोज भिजून राह्यला ते खरं हाय. अन् घरी गेल्यावर डोकं पुस म्हणणारं कोणी न्हाई, ते बी खरं हाय."

मग तू मामांच्या समोर बसलास. बूट बाहेर काढून, ओल्या पायांनी आत जाऊन. माझ्या वतीनं. माझ्या नकलेबद्दल तू त्यांच्या पाया पडलास.

"मला कामून सांगितलं न्हाई इतकी वर्षं?" मी ओरडलोच.

"त्यांनी शपथ घातल्ती. म्हणाले, त्याला कळालं तर उपकार वाटंल. मंग तो माझ्यासंगं भांडायचा न्हाई. अन् तो भांडला न्हाई तर सकाळी सकाळी मला कोण बोलणार, भाभी?"

चहा उतू गेला. दोघांपैकी कोणीही गॅस बंद केला नाही.

मी तुझ्यावर रागावलोय, कांती. मला वाटत होतं की सगळ्या जगात ती थाप फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. घरात एक बाई ती पहिल्या दिवसापासून ओळखून होती, आणि तरी माझ्याकडं आली, आणि माझ्या लोटांगणाची गोष्ट मी पाहुण्यारावळ्यांना तिच्यासमोर रंगवून सांगायचो तेव्हा पदर तोंडाला लावून हसायची. तिला माझ्या नवसानं आणलं नव्हतं. तिला तू आणलंस. आणि तू मला नवस फेड, नवस फेड म्हणत होतास तेव्हा काय म्हणत होतास? जाऊन ये एकदा, असंच ना? लग्नाकार्याला मी पिंपळगावला शंभरदा गेलो. पण ज्यासाठी बोलावलं होतं त्यासाठी कधीच गेलो नाही. मामांच्या समोर बसलो नाही. मग सरळ सांगायचंस की रे. पण सरळ सांगितलं असतंस तर मी गेलो नसतो, हेही तुला माहीत.

परवा गेलो. सायकलनं. शोभा म्हणाली, वय बघा, एसटीनं जा. मी ऐकलं नाही. भोकरदन ओलांडेपर्यंत गुडघे बोलायला लागले, पुढं चढावर मी सायकलला धरून चाललो की सायकल मला, ते सांगता येत नाही. वर झिमझिम. रस्त्यावर तुझी मंडळी पसरलेली होतीच. वेलांट्या काढत गेलो. एका टेंपोवाल्यानं शिवी दिली. तू नव्हतास म्हणून ती सगळी मलाच घ्यावी लागली.

मामा आता फार थकलेत. ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. ऐकायला कमी येतं. मी पाया पडलो, समोर बसलो.

"जावईबापू? असे भिजत कामून आले?"

"आणायला आलो, मामा." मोठ्यानं बोलावं लागलं.

"कोणाला?"

"शोभाला."

त्यांनी अंगावरची घोंगडी सारखी केली. "ती तर तुमच्याकडंच हाय की."

"हो. पण मी आणायला आलो नव्हतो."

त्यांना ऐकू आलं की नाही, माहीत नाही. हात वर करून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. ओल्या केसांवरून फिरवला. मग आत बघून चहा सांगितला आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखं माझ्याकडं वळले.

"ते तुमचे दोस्त. मारवाडी. आल्ते एकदा, असंच पावसात. लई सोन्यासारखा माणूस. तव्हा चहा दिला तर घेतला न्हाई, दिवस मावळला म्हणाले, काही चालत न्हाई. उपाशी गेला माणूस माझ्या दारातून. परत आलेच न्हाईत." मग माझा हात धरून म्हणाले, "पुढच्या बारीला त्यांना घेऊन या. दिवसाउजेडी या. जेवायलाच या."

सांगणार होतो. तोंड उघडलं होतं. पण म्हातारा माणूस असा वाट बघत बसला होता माझ्या होकाराची.

"आणतो, मामा," मी म्हणालो.

परतताना सायकल एसटीच्या टपावर टाकली. खिडकीला डोकं लावून बसलो होतो. कांती, मी त्यांना हो म्हणून आलोय.